म्हण, सांग, बोल: इंग्रजीत कुठं काय

इंग्रजी शिकायलास ना बाबा, मग एकदम दहा समानार्थी शब्द घोकत बसू नकोस. आधी 'से' आणि 'टेल' वेगळे कर. म्हणणं ते से, सांगणं ते टेल. टेलपुढं बहुतेक लगेच माणूस येतो: मोंढ्यात तुरीचा भाव कळला तर 'ही टोल्ड मी द रेट', 'ही सेड मी' नाही. सेला माणूस जोडायचा तर मधी 'टू' लागतो.

खरी गंमत 'बोलणं'त. मराठी बोलतो ते 'स्पीक', पारावर बसून बोलतो ते 'टॉक', आणि खोटं बोलतो? तिथं चक्क 'टेल अ लाय'! लातूरला क्लासमध्ये मी 'स्पीक' लावलं होतं, सगळे हसले. अन् 'डिस्कस'पुढं 'अबाउट' नको. आपल्याकडं जो तो लावतो.