यादी फाडू द्या!

प्रश्न : ताई, अक्कलकोट रोडला आमचे आठ यंत्रमाग आहेत, टेरी टॉवेल काढतो. आता स्वतःची वेबसाइट करून थेट विकायचं ठरवलंय. वेबसाइट करणारा मुलगा म्हणाला, ‘तुम्हाला काय काय हवं ते लिहून द्या.’ मी दोन रात्री जागून मोठ्या कंपन्यांच्या वेबसाइट बघितल्या आणि त्यांच्याकडच्या 42 सोयी उतरवून काढल्या. त्या मुलाने खर्चाचा आकडा सांगितला, तेव्हा वडील यादी फाडायलाच निघाले. यातलं काय ठेवू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : वडिलांना यादी फाडू द्या.

तुम्ही दुसऱ्याच्या घरातलं सामान मोजून आलात. ते त्याने कशासाठी आणलं, हे बाहेरून दिसत नाही. मी हे पैसे घालवून शिकले. शेजारच्या कारखान्यात टॉवेलाचे लूप कापून एक बाजू मखमलीसारखी करणारं यंत्र आलं, म्हणून मीही कर्ज काढून आणलं. वर्षभराने कळलं, त्यांचा तो सगळा माल परदेशातलं एकच गिऱ्हाईक उचलत होतं. कापलेली बाजू पाणी कमी टिपते, माझ्या गिऱ्हाइकांनी हात लावला नाही. यंत्रावर झाकायला मात्र सोलापुरी चादर कामाला आली!

तेव्हा आधी तीन स्पर्धकांचे टॉवेल पैसे देऊन मागवा, त्यात एक पानिपतचा असू द्या. काट्यावर ठेवा. 30 बाय 60 इंची टॉवेल 500 ग्रॅम भरला, तर जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ग्रॅम, 430 च्या आसपास येतो. पाकिटावर 500 जीएसएम छापलेलं असेल तर तुम्हाला बोलायला जागा मिळाली की! पाच वेळा धुऊन पुन्हा मापा. मग त्याच मालाखालचे अभिप्राय वाचा, पाच चांदण्यांचे सोडून दोन-तीन चांदण्यांचे. ‘फोटोत मोठा वाटला’, ‘रंग सुटला’ असं वारंवार दिसलं, तर माणसाच्या खांद्यावरच्या टॉवेलाचा फोटो, मापं, वजन आणि धुण्याची सूचना हे तुमच्या यादीत आलं.

गड्ड्याच्या यात्रेत टॉवेलाच्या स्टॉलशेजारी अर्धा तास उभे राहा. बायका भाव नंतर विचारतात, आधी टॉवेल चुरगाळून बघतात. वेबसाइटवर हात लावता येत नाही, म्हणून वजन ठळक हवं.

बाकीचा बाजार तुमच्या फोनमध्येच आहे. सहा महिन्यांचे व्हॉट्सॲप मेसेज काढा. ‘मागच्याच पांढऱ्यातले शंभर नग पाठवा, जीएसटी बिल लागेल’ असं लॉजवाले सारखं लिहीत असतील, तर जुनी ऑर्डर पुन्हा देण्याची सोय, नगांप्रमाणे दर आणि जीएसटी नंबरची जागा लागणार. पार्लरवाल्यांना विचारा, केसांच्या डायचे डाग पडतात म्हणून त्यांना गडद रंग हवे असतात.

आता नवी यादी करा. प्रत्येक ओळीपुढे लिहा : हे कोणत्या गिऱ्हाइकाने मागितलं, किती वेळा? जागा कोरी राहिली की ओळ खोडा. मला वाटतं, आठ-दहाच उरतील.

आणि गेल्या वर्षी कुठला माल परत आला, का आला, हे वडिलांना विचारा. तोंडपाठ असेल त्यांना.