जुना बी-२७५ सुरू करण्याआधी

भाऊ, आजोबांचा बी-२७५ ट्रॅक्टर परत चालू करताय, फार बरं वाटलं. इंजिन दणकट आहे, पण लगेच सेल्फ मारू नका; ओढून चालू करणं तर मुळीच नको.

- इंजिन ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, तिथेच थांबा.
- क्रँक पुलीला (इंजिनच्या पुढच्या मुख्य चाकाला) पाना लावून इंजिन हाताने फिरवा. अडलं तर जोर नको.
- टाकीतलं जुनं डिझेल, तळचं पाणी काढा. फिल्टर बदला, मग डिझेल लाइनमधली एअर (हवा) काढा: ब्लीड स्क्रूतून बुडबुडे थांबून सलग डिझेल येईपर्यंत. नवखे इथेच घाई करतात आणि बॅटरी उतरवतात.

सगळ्यात महत्त्वाचं, डिझेल पंपाचा रॅक (किती डिझेल जाईल ते ठरवणारी दांडी) अडकला असेल तर इंजिन सुसाट सुटतं, स्टॉप ओढूनही थांबत नाही. इंजिन हवा ओढतं ते तोंड मोकळं करून जाड फळी जवळ ठेवा, म्हणजे वेळ आली तर ते झाकून इंजिन बंद करता येईल. तिथे हात कधीच लावू नका. पंप खोलायचं नंतर बघू.