भिंतीत सापडलेल्या चवल्या-पावल्या : पंचनामा वजनावर होऊ देऊ नका

वाईचा वाडा पाडताना भिंतीतल्या मडक्यात व्हिक्टोरिया आणि पंचम जॉर्जच्या चवल्या-पावल्या (दोन आण्यांची आणि चार आण्यांची चांदीची नाणी) निघाल्या, पुढे काय करू, असं विचारलंत. वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडेही हेच झालं होतं.

कळवावं लागतंच, त्यावर वाद नको. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून चालू आहे. ऐवज १० रुपयांवर असला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. खरा घोळ त्यानंतर होतो.

आम्ही ज्या कार्यालयात गेलो (नाव घेत नाही) तिथं सगळी नाणी एकदम तराजूत टाकली आणि पंचनाम्यात एकच ओळ लिहिली: ‘चांदीची जुनी नाणी, वजन अमुक.’ साल नाही, राजा नाही. एकेक नाणं लिहा म्हटलं, तर उत्तर मिळालं, “चांदी ती चांदी.” परत मिळाली तेव्हा वजन चोख जुळलं, फक्त १९११ ची चवली गायब! तिच्या जागी १९१७ ची. तक्रार कशाच्या जोरावर करणार? दोन्ही १.४६ ग्रॅमच्याच. १९११ च्या नाण्यांवर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून बोंब झाली आणि १९१२ पासून चित्र बदललं, म्हणून ती संग्राहकांना हवी असतात. कोणावर आरोप करत नाही, पण तुम्ही प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा, साल आणि वजनासकट यादी करा आणि पंचनाम्याला जोडून पोच घ्या. सरकारने नाणी ठेवून घेतली तर भरपाई म्हणजे धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा. तिथंही साल कोणी विचारत नाही!

शिवाय नाणी कोषागारात जमा करण्याऐवजी मागतील तेव्हा हजर करीन असा जामीन देता येतो. हे आपणहून कोणी सांगत नाही.

तोवर चिंच, रांगोळी, टूथपेस्ट काही लावू नका. काळी पडलीत तर पडू देत.

मी वकील नाही, पण एक गोष्ट वकिलाला आजच विचारा. कोणाचाच हक्क शाबीत झाला नाही आणि दोघांत आधी काही ठरलेलं नसलं, तर चारातले तीन हिस्से ज्याला सापडलं त्याला आणि एक जागामालकाला जातो. मडक्याला पहिला हात कोणाचा लागला, तुमचा की गवंड्याचा?