भरलेलं नको, उरलेलं मोज

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पिकिया यीस्टचे तीन क्लोन झाले, म्हणजे तुझा जीन घातलेल्या पेशींचे तीन वंश, तरी जेलवर प्रथिनाचा पट्टा नाही, आणि आता जीनच नव्याने बनवून घ्यावा असं तुझ्या गटात ठरत आलंय. माझी नजर मात्र एकाच ओळीवर अडकली: 'पेशींना ताकद मिळावी म्हणून मिथेनॉलच्या टप्प्यात थोडं ग्लुकोजही घातलं.'

अगं, तिथेच तर सगळं थांबलं! तुझा जीन एओएक्स-1 प्रमोटरच्या मागे बसवलेला आहे, म्हणजे मिथेनॉलवर जीन चालू करणाऱ्या डीएनएच्या कळीमागे. ग्लुकोज किंवा ग्लिसरॉल समोर असेल तोवर पिकिया तो प्रमोटर दाबूनच ठेवते. मिथेनॉल पचवायची यंत्रणा उभी करणं तिला महाग पडतं. सोपं खाणं हाताशी असताना तिने तो खटाटोप का करावा? मिथेनॉलवर वाढलेल्या पेशीत मिथेनॉल पचवणाऱ्या एकट्या अल्कोहोल ऑक्सिडेज या विकराचाच वाटा विरघळणाऱ्या प्रथिनांच्या 30 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. त्याच प्रमोटरच्या ताकदीवर तुझं प्रथिन काढायचं, तर आधीचं ताट रिकामं व्हायलाच हवं. म्हणून सांगते, माध्यमात काय भरलंस ते मला सांगू नकोस. या क्षणी काय उरलंय ते सांग.

तुझ्या वहीच्या फोटोत 'ग्लिसरॉल 1 टक्का', 'मिथेनॉल 0.5 टक्का' असे आकडे नीट लिहिलेत. ते सगळे भरल्याचे आहेत, उरल्याचा एकही नाही. शुक्रवारी संध्याकाळी मिथेनॉल घातलंस आणि थेट सोमवारी फ्लास्क उघडलास. मधल्या वेळात काही पेशींनी खाल्लं, काही शेकरवर उडून गेलं. फ्लास्कमध्ये दर 24 तासांनी मिथेनॉल पुन्हा घालायला सांगतात, ते याचसाठी. रविवारी तुझ्या पेशी उपाशी होत्या आणि सोमवारी तू क्लोनला नावं ठेवलीस. याचा मला राग येतो, कारण मीही हेच केलंय.

माझ्या तिसऱ्या वर्षी फर्मेंटर, म्हणजे पेशी वाढवायची मोठी टाकी, माझ्या हाती आला. विसाव्या तासाला मिथेनॉल सुरू करा, असं कागदावर लिहिलेलं होतं. मी घड्याळ बघून सुरू केलं. त्या खेपेला बीजसंवर्धन, म्हणजे सुरुवातीला सोडायच्या पेशींची वाढ, कमजोर होतं, वाढ मागे पडलेली होती, ग्लिसरॉल अजून बाकी होतं. पेशी मिथेनॉलला हात लावेनात, ते साचत गेलं. साचलेलं मिथेनॉल पचवायला घेतलं की आत फॉर्माल्डिहाइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात. पेशी मरू लागल्या. क्लोन ज्याने बनवला होता त्या मुलाला मी सगळ्यांसमोर म्हटलं की तुझं कामच कच्चं आहे. काही महिन्यांनी तो गट सोडून गेला. दोन वर्षांनी उणे 80 अंशांच्या फ्रीजरमधून तीच कुपी काढली, या वेळी ग्लिसरॉल संपेपर्यंत थांबले, आणि जेलवर अंगठ्याएवढा जाड पट्टा आला. त्या मुलाला मी अजून पत्र लिहिलेलं नाही.

तेव्हापासून मी घड्याळावर फर्मेंटर चालवत नाही. ग्लिसरॉल चालू असताना विरघळलेला ऑक्सिजन खाली खाली जातो. ते संपलं की पेशींचा श्वास मंदावतो आणि ऑक्सिजनचा काटा एकदम वर उसळतो. ती उसळी दिसेपर्यंत मिथेनॉलच्या पंपाला हात लावायचा नाही. एकदा वरिष्ठ मागे उभे राहून उशीर होतोय म्हणत होते. मी चार तास पंप बंद ठेवला. अडेलतट्टू म्हणाले मला. म्हणू देत. काटा उसळलेला नव्हता, मी बरोबर होते, आजही तेच करेन. मिथेनॉल सुरू झाल्यावरही मधूनच पंप थांबवून बघ. ऑक्सिजन लगेच वर गेला तर पेशी आलेलं सगळं खाताहेत, काही साचत नाही. हेही उरलेलं मोजणंच आहे.

पेशींना आधार द्यायचाच असेल तर सॉर्बिटॉल दे, ते या प्रमोटरला दाबत नाही. ग्लुकोजवरच काम करायची हौस असेल तर जीएपी प्रमोटर घे, तो ग्लुकोजवर उत्तम चालतो. तुझी मैत्रीण सॅकरोमायसीस या दुसऱ्या यीस्टमध्ये गॅलक्टोजवर चालू होणारा जीएएल-1 प्रमोटर वापरते ना? तिलाही सांग, गॅलक्टोज घालण्याआधी ग्लुकोज पुरतं संपलेलं हवं, नाहीतर पेशी आधी रॅफिनोजवर, म्हणजे तो प्रमोटर न दाबणाऱ्या साखरेवर, वाढवाव्यात. तिच्या यीस्टला ग्लुकोज जास्त झालं तर ऑक्सिजन असूनही ते इथेनॉल बनवत बसतं, तेही तिने मोजावं.

जीन नव्याने बनवायचा कागद अजून पाठवू नकोस. पहिलाच क्लोन पुन्हा लाव. ग्लिसरॉलवर वाढव, सेंट्रिफ्यूज करून जुनं माध्यम पूर्ण ओतून दे, गाळ मिथेनॉलच्या माध्यमात ओडी (पेशींची दाटी दाखवणारं मोजमाप) 1 च्या आसपास सोड. ग्लुकोजची बाटली त्या दिवशी टेबलावर ठेवूच नकोस. सकाळ-संध्याकाळ थोडा नमुना काढ, पेशी खाली बसव, वरचं पाणी गोठवून ठेव. ग्लिसरॉल आणि मिथेनॉल दोन्ही त्यातून मोजून घेता येतील. शनिवार-रविवारीही जावं लागेल. जा.

पहिल्या चार नमुन्यांचे आकडे आले की जेलची वाट न बघता मला पाठव.

तुझी,
ताई