पोलंडचा पारंपरिक मसाला केक ‘पिएर्निक’ घरच्या ओटीजीमध्ये जमेल का? माझा दोन्ही वेळा कडक झाला.

नक्की जमेल. तुम्ही लिहिलंय की चव छान आली, पण केक लाकडासारखा कडक झाला, आणि दोष ओटीजीचा की मैद्याचा ते कळेना. दोष दोघांचाही नाही. भरपूर मध घातलेला पिएर्निक ओव्हनमधून कडकच निघतो. तुम्ही तो त्याच दिवशी कापलात, चुकलं ते तिथे.

मी गेली नऊ वर्षं तोरुनमध्ये राहते. व्हिस्तुला नदीकाठचं हे जुनं व्यापारी शहर कोपर्निकसचं जन्मगाव म्हणून जगाला माहीत आहे, पण पोलंडमध्ये तोरुन म्हटलं की आधी पिएर्निक आठवतो. माझा पहिला पिएर्निक असाच कडक निघाला, तेव्हा मी तो रडवेली होऊन शेजारच्या आजींकडे घेऊन गेले. त्यांनी कडेवर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान देऊन ऐकलं आणि ‘दोब्जे’ म्हणाल्या, म्हणजे छान. मग प्लमचा आटवलेला गर मधे लावून थर एकावर एक रचले, कागदात गुंडाळले, वर लाकडी पोळपाटासारखी फळी आणि फळीवर पिठाच्या दोन पिशव्या ठेवल्या. चौथ्या दिवशी त्याच केकमध्ये सुरी अलगद उतरली. मध हवेतला आणि त्या गरातला ओलावा धरून ठेवतो, म्हणून केक हळूहळू मऊ होत जातो.

पिएर्निक हे नाव ‘पिएर्नी’ या जुन्या पोलिश शब्दावरून आलं, त्याचा अर्थ मिरीचा, मसालेदार. मिरी, दालचिनी, वेलची हे सगळं आपल्याकडच्या किनाऱ्यांवरून आणि त्याही पलीकडून इतक्या लांब यायचं, त्यामुळे तेव्हा ते फार महाग होतं. मसाल्याच्या बाबतीत तुम्ही इथल्या लोकांपेक्षा सुखी आहात. इथे बहुतेक घरांत तयार मसाल्याची पुडी आणतात, तुम्ही ताजा कुटा. अर्धा किलो मैद्याला दालचिनीची पूड तीन चहाचे चमचे, सुंठ दीड, लवंग आणि वेलची एकेक, जायफळ, धणे आणि बडीशेप अर्धा अर्धा, मिरी पाव. ऑलस्पाइस मिळाला तर अर्धा चमचा, नाही मिळाला तर लवंग किंचित वाढवा. वेलचीचा हात मात्र आवरा. आपल्या सवयीने वेलची सढळ पडते आणि मग केकला शिऱ्याचा वास येतो.

बाकी सामान: मध २५० ग्रॅम, साखर १५० ते २०० ग्रॅम, लोणी १२५ ग्रॅम, दोन लहान अंडी, खायचा सोडा दीड चहाचा चमचा, दूध पाव कप, चिमूटभर मीठ. मध गडद रंगाचा आणि चांगला घ्या, त्याच्या जागी साखरेचा पाक चालणार नाही. रंग, वास, नंतरचा मऊपणा, सगळं मधावर अवलंबून आहे.

आता मुख्य गोष्ट. हे पीठ मुरवावं लागतं. तुम्ही मैदा मळून तासाभरात ओव्हनमध्ये घातलात. ‘स्तारोपोल्स्की’ म्हणजे जुन्या पद्धतीचा पिएर्निक करणारी घरं नोव्हेंबरच्या मध्यात पीठ भिजवतात आणि नाताळच्या आधीच्या आठवड्यात भाजतात. पाच-सहा आठवडे ते पीठ थंड खोलीत, चिनी मातीच्या बरणीत, वर फडकं बांधून ठेवलेलं असतं. आजींची बरणी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला आईची कैरीच्या लोणच्याची बरणी आठवली, तोच रंग, तोच दादरा. मुलगी जन्मली की पीठ भिजवायचं आणि तिच्या लग्नात पिएर्निक भाजायचा, असंही इथले जुने लोक सांगतात. मुरताना पीठ ओलावा पूर्ण शोषून घेतं आणि मसाल्याचा उग्रपणा उतरतो. कच्च्या लवंगेची जी झणझणी जिभेला लागते, ती तीन आठवड्यांनी उरत नाही.

इथे अंडी, सोडा सगळं पहिल्याच दिवशी घालतात, कारण इथला नोव्हेंबर म्हणजे फ्रिजच. तुमच्याकडे तसं करू नका. मध, साखर, लोणी आणि मसाला मंद आचेवर फक्त विरघळेपर्यंत गरम करा, उकळी आणू नका. कोमट झालं की मैदा आणि मीठ घालून मळा. पीठ हाताला चिकटेल, सैल वाटेल, पण वरून मैदा घालायचा मोह टाळा, फ्रिजमध्ये ते आपोआप घट्ट होतं. झाकून फ्रिजमध्ये निदान दोन आठवडे, जमलं तर चार आठवडे ठेवा. भाजायच्या दिवशी तीन-चार तास बाहेर काढून ठेवा आणि मग फेटलेली अंडी व दुधात कालवलेला सोडा थोडा थोडा घालत मळा. सुरुवातीला पीठ फुटल्यासारखं दिसेल आणि अंडं बाजूला राहील. दहा मिनिटं नेटाने मळलं की एकजीव होतं.

त्याचे तीन भाग करा. प्रत्येक भाग साधारण २० बाय २५ सेंटीमीटरच्या ट्रेमध्ये बटर पेपरवर, ओल्या हाताने थापा, उंची सेंटीमीटरपेक्षा कमीच असू दे. १७० अंशांवर १५ ते १८ मिनिटं. ओटीजीत वरचा रॉड जवळ असतो, त्यामुळे बारा मिनिटांनंतर लक्ष ठेवा. मध लवकर करपतो आणि करपलेला मध कडू लागतो.

मधल्या गराला इथे ‘पोविद्वा’ म्हणतात. शरद ऋतूतले जांभळे प्लम साखर न घालता तासन् तास आटवून तो करतात. तुमच्याकडे बिया काढलेले सुके प्लम पाव किलो घ्या, गरम पाण्यात भिजवा, वाटा आणि कढईत आटवा. चमचा ओढला की मागे तळ दिसला पाहिजे. बाजारचा गोड जॅम वापरू नका. हा केक आधीच गोड आहे, त्याला आंबटपणा हवा.

थर रचून, कागदात गुंडाळून, वर वजन ठेवून तीन ते चार दिवस थंड जागी ठेवा. वर चॉकलेट ओतायचं ते त्यानंतर. चौथ्या दिवशीही मधला भाग कडक वाटला तर डब्यात सफरचंदाची साल ठेवून झाकण घट्ट लावा. इथे छोट्या नाताळच्या बिस्किटांसाठी सगळेच हे करतात. साल रोज बदला, नाहीतर बुरशी धरते. मग कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या, आणि काप बोटभर जाडीचेच ठेवा.