एफडी मोडून लादी थंड करायची का?

प्रश्न थोडक्यात असा: निवृत्त दांपत्य, गुहागरला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर 1,000 चौरस फुटांचं स्लॅबचं घर बांधतंय. मुलाच्या जर्मनीतल्या घरी लादीखाली पाण्याचे पाइप आणि त्यातलं पाणी गरम-गार करणारा हीट पंप (एसीसारखंच, उष्णता एकीकडून दुसरीकडे नेणारं यंत्र) पाहिला. तसंच इथे करायचं, हिवाळ्यात ऊब आणि उन्हाळ्यात गारवा. कोटेशन 9 लाख 60 हजारांचं. त्यासाठी 7 टक्क्यांची एफडी मोडावी का?

माझं उत्तर: मोडू नका. आणि कर्ज काढूनही हे करू नका.

आधी ऊब निकालात काढू. जर्मनीत सहा महिने घर तापवावं लागतं. लादीत 35 अंशांचं पाणी फिरवलं की भागतं, म्हणून तिथे हीट पंप कमी विजेत काम करतो आणि पैसे वसूल होतात. गुहागरला जानेवारीच्या पहाटेला गोधडी पुरते. म्हणजे तुमचे सगळे पैसे गारव्यासाठीच जाणार, आणि गाडं तिथेच अडतं.

घरी करून बघा. स्टीलच्या तांब्यात साधं पाणी आणि थर्मामीटर ठेवा. बर्फाचा एकेक तुकडा टाकत ढवळत राहा. तांब्याला बाहेरून धुकं धरेल त्या क्षणी पारा वाचा. हाच हवेचा दवबिंदू. मे-जूनमध्ये किनाऱ्यावर हा आकडा 25 अंशांच्या आसपास येतो. लादी त्याहून गार झाली की तिला घाम सुटणार. पावसाच्या तोंडावर आपल्याकडे लादी तशीही ओलसर होतेच, इथे ती पैसे मोजून ओली करायची! मग पाय घसरणं, कपाटांचे पाय फुगणं, गादीला बुरशी हे ओघानं आलं.

घाम टाळायला लादी साडेसव्वीसच्या वर ठेवायची आणि खोली 28 अंशांवर आणायची असं धरा. फरक दीड अंशाचा. थंड लादी दर अंशाला चौरस मीटरमागे साधारण 7 वॅट उष्णता ओढते. तुमच्या 93 चौरस मीटरांचा हिशोब जेमतेम 1 किलोवॅट होतो. दीड टनी एक एसी 5 किलोवॅट उष्णता ओढतो. शिवाय लादी हवेतला दमटपणा काढत नाही, आणि कोकणात जीव नकोसा होतो तो त्या दमटपणानं. त्यासाठी हवा कोरडी करणारं वेगळं यंत्र आणि कायम बंद खिडक्या लागतील. हैदराबादच्या इन्फोसिस संकुलातल्या एका इमारतीचा अर्धा भाग असाच, पाण्याचे पाइप घातलेल्या स्लॅबनं गार ठेवला, आणि तिथे वीज वाचली. पण ते बंदिस्त ऑफिस, बाहेरची हवा आधी कोरडी करून आत सोडणारं. तुमच्या कोटेशनमध्ये अशा यंत्राची ओळच नाही. म्हणजे 9.60 लाख हा शेवटचा आकडाही नव्हे.

आता पैशांकडे. मी सुचवतो ती यादी: स्लॅबवर इन्सुलेशन आणि वर पांढरी चायना मोझॅक (फरशीच्या तुकड्यांचा थर), सुमारे सव्वा लाख. दीड टनी फाइव्ह स्टार इन्व्हर्टर एसी तीन, बसवून दीड लाख. 3 किलोवॅट सोलर, केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचं 78,000 अनुदान वजा जाता साधारण सव्वा लाख. हे झाले चार लाख. उरलेले 5.60 लाख एफडीतच राहू द्या. वर्षाला 39,200 रुपये व्याज, कर वेगळा. दोन बेडरूमचे एसी रोज 8 तास, वर्षातून 120 रात्री चालवले तर तासाला एक युनिट धरून 1,920 युनिटं. दहा रुपयांच्या दरानं 19,200 रुपये. लादी फुकटात चालली असती तरी तिनं वाचवलेलं बिल या व्याजाच्या निम्मंच भरलं असतं. सोलरची वीज मी यात धरलेलीच नाही.

दुरुस्तीचंही बघा. 15 सेंटीमीटर अंतरानं पाइप टाकले तर तुमच्या घरात 600 मीटरच्या वर पाइप जाईल. एका ठिकाणी गळालं की फरशी फोडा. बाहेरच्या युनिटच्या ॲल्युमिनियमच्या पात्या खाऱ्या वाऱ्यानं पांढऱ्या पडून भुगा होतात. एसीलाही हे चुकत नाही, म्हणून कोटिंगवाली कॉइल घ्या आणि महिन्यातून एकदा गोड्या पाण्यानं धुवा. पण तीनपैकी एक एसी बिघडला तर दोन चालतात. एकुलता हीट पंप बंद पडला की अख्खं घर तापणार, आणि सुटा भाग येईपर्यंत वाट बघणार. सोलरच्या सांगाड्याचे बोल्ट स्टेनलेसचे हवेत, आणि सांगाडा वादळी वाऱ्याच्या हिशोबानं बांधून घ्या. 2020 च्या 3 जूनला निसर्ग वादळानं दापोली-मंडणगडची काय दशा केली ते तुम्हाला ठाऊक आहेच.

ठेकेदारानं फारच गळ घातली तर त्याच्याकडून लेखी घ्या: बाहेर दवबिंदू 26 अंश असताना लादीचं तापमान किती ठेवणार, हवा कोरडी करणाऱ्या यंत्राची क्षमता नि किंमत किती, किनाऱ्यावर वॉरंटी लागू आहे का, मिस्त्री कुठून येणार. तोवर ॲडव्हान्सचा चेक देऊ नका.

पुढेमागे दोन खोल्या पर्यटकांना द्यायचा विचार आहे असंही तुम्ही लिहिलंय. तिथे गरम पाण्याचा हीट पंप मात्र कामाचा ठरू शकतो. 300 लिटर पाणी 27 वरून 50 अंशांवर न्यायला गीझरला 8 युनिटं लागतात, हीट पंपाला पावणेतीन. दिवसाला पन्नासेक रुपये वाचतात, पण खोल्या भरलेल्या असतील तेव्हाच. म्हणून एक हंगाम बुकिंग कसं होतंय ते बघा. आत्ता फक्त गच्चीपर्यंत गरम पाण्याची इन्सुलेटेड लाइन आणि 16 अँपिअरचा एक पॉइंट काढून ठेवा.