विळी, खोवणी आणि कापलेलं बोट : वाचकांचे प्रश्न

गणपती जवळ आले की घरोघरी खोवण्या बाहेर निघतात आणि बोटंही कापतात. घरी आवरता येतील अशा जखमांबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं इथे देत आहोत. मानेला मांजा लागणं, चेहरा फाटणं, काच किंवा लोखंड आत रुतून बसणं हे घरच्या उपचारांचे विषय नाहीत. तिथे थेट दवाखाना.

प्रश्न : नारळ खोवताना अंगठ्याला खोवणी लागली. बराच वेळ नळाखाली धरलं तरी रक्त थांबेना, शेवटी पेराभोवती दोरा घट्ट बांधला. बरोबर केलं का? (एक गृहिणी, कोथरूड)

दोरा नको होता. पातळ दोरा बोटात रुततो आणि परत जाणारं रक्त अडवतो. आत येणारं मात्र बरंचसं चालूच राहतं. त्यामुळे बोट निळसर होतं, फुगतं आणि जखमेतून उलट जास्त वाहतं. तो तसाच विसरला गेला तर बोटावरच बेततं. रबरबँडचंही तेच.

नळाखाली रक्त थांबत नाही, कारण गुठळी धरायच्या आत पाणी ती वाहून नेतं. नळाखाली हात धरायचा तो सुरुवातीला १०-१५ सेकंद, जखम कुठे आणि केवढी ते दिसेपर्यंत. लगेच धुतलेल्या सुती रुमालाची किंवा पंचाची घडी ठेवून थेट जखमेवर दाबा आणि हात छातीच्या वर उचलून धरा. घड्याळ लावून १० मिनिटं. मधेच ‘थांबलं का?’ म्हणून डोकावायचं नाही. बहुतेकांचं इथेच बिघडतं : कापड उचललं की नुकती धरलेली गुठळी कापडाबरोबर निघून येते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. घडी भिजली तर तिच्यावर दुसरी ठेवा, खालची काढू नका. १० मिनिटांनंतरही झिरपत असेल तर आणखी १०. त्यानंतरही वाहत असेल तर दवाखान्यात जा. रक्त ठोक्याठोक्याला उसळत असेल तर एवढीही वाट पाहू नका, दाबून धरूनच निघा. घरात कुणी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिन घेत असेल तर त्यांचं रक्त थांबायला मुळातच जास्त वेळ लागतो, तेव्हा पहिल्यापासूनच २० मिनिटं धरून चाला.

रक्त थांबलं की मग धुणं. विळीच्या पात्याची जखम सरळ चिरलेली असते. खोवणीच्या दात्यांनी कातडी फाटते आणि आत खोबऱ्याचा कीस अडकून बसतो. तो तसाच ठेवून पट्टी मारली तर तिसऱ्या दिवशी ठणका ठरलेला. हलक्या धारेखाली ५ मिनिटं धुवा, साबण जखमेच्या कडेनं लावा, आत चोळू नका. धुताना थोडं रक्त पुन्हा येतं, त्यानं घाबरायला नको, परत दाबायचं. उरलेला कण स्पिरिटनं पुसलेल्या चिमट्यानं काढा.

आणि पट्टी लावण्याआधी दोन गोष्टी पाहाच. बोटाचा प्रत्येक सांधा वाकतो आणि सरळ होतो का? जखमेच्या पलीकडे, बोटाच्या टोकाकडे स्पर्श नीट कळतो का? यातलं एकही ‘नाही’ असेल, तर जखम दिसायला छोटी असली तरी आतला मज्जातंतू किंवा स्नायूबंध कापलेला असू शकतो. कडा उघड्याच राहत असतील किंवा आत पिवळसर चरबी दिसत असेल तर टाके लागतात, आणि ते ६ ते ८ तासांच्या आत घातलेले बरे. ‘उद्या सकाळी बघू’ यात ही वेळ निघून जाते.

प्रश्न : आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जखमेत हळद भरतात. हळदीचं पेटंटसुद्धा भारतानं जिंकलं, मग डॉक्टर नाक का मुरडतात? (सदाशिव पेठ)

त्या पेटंटचा निकाल नेमका काय होता, ते आधी पाहू. जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. सीएसआयआरनं, म्हणजे आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, त्याला हरकत घेतली. तेव्हा संस्थेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, जे त्याआधी आपल्या पुण्यातल्या पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ चा एक भारतीय शोधनिबंध असे पुरावे मांडले गेले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. मुद्दा होता ‘हे ज्ञान नवं नाही’ हा. हळदीनं जखम किती लवकर भरते याचा निवाडा तिथे झालाच नाही. त्या लढ्याचा अभिमान जरूर बाळगावा, पण मिसळणाच्या डब्यातल्या हळदीला ते प्रमाणपत्र नव्हे.

हळदीतल्या करक्युमिनचे जंतूंवर आणि सुजेवर परिणाम प्रयोगशाळेत दिसलेले आहेत. अडचण आहे ती डब्यातल्या पुडीची. ओला चमचा, फोडणीची वाफ, हाताची बोटं हे सगळं त्या डब्यात रोज जातं. दळलेल्या मसाल्यात मातीतल्या जंतूंची बीजं असू शकतात. सुट्या हळदीत रंग खुलावा म्हणून लेड क्रोमेट मिसळल्याची प्रकरणं सापडलेली आहेत. ते शिसं उघड्या जखमेत कुणाला हवंय? शिवाय पूड रक्तात भिजून कडक पापुद्रा होतो. वरून जखम सुकल्यासारखी दिसते आणि आत पू धरतो. लाली आली तरी पिवळ्या रंगात कळत नाही. टाके घालायची वेळ आली तर ती पूड धुऊन काढण्यातच डॉक्टरांचा वेळ जातो आणि तुमचा जीव.

दूध-हळद प्यायला आमची हरकत नाही. खरचटलेल्या, स्वच्छ धुतलेल्या जागी कडेला हळदीचं बोट लागलं म्हणून आभाळ कोसळत नाही. कापलेल्या जखमेत मात्र भरू नका.

हळदीला चुना मिसळून लावतात, ते तर मुळीच नको. चुना अल्कली आहे, तो ताज्या जखमेला भाजतो. कॉफी, चहाची भुकटी, तंबाखू, टूथपेस्ट यांनी रक्त थांबतं ते वरून हात दाबलेला असतो म्हणून. श्रेय भुकटीला जातं. टेकडीवर ठेच लागली की एकदांडीचा पाला चोळून लावणारेही आहेत. त्या पाल्यावर माती असते आणि धनुर्वाताचं मूळ मातीतच आहे.

प्रश्न : २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण सापडल्यापासून आमचा नळाच्या पाण्यावर भरवसा राहिलेला नाही. जखमही बाटलीच्या पाण्यानं धुवायची का? (धायरी)

जीबीएसचा संबंध पोटात गेलेल्या जंतुसंसर्गाशी होता, कातडीवरच्या जखमेशी नाही. जे पाणी तुम्ही निर्धास्त पिता ते जखमेला चालतं. पिण्याच्या नळाच्या पाण्यानं धुतलेल्या आणि सलाइननं धुतलेल्या जखमांची तुलना झालेली आहे. नळाच्या पाण्यामुळे जखमा जास्त चिघळतात असं आढळलेलं नाही. टँकरचं किंवा बोअरचं, गच्चीवरच्या टाकीत साठलेलं पाणी असेल तर फिल्टरचं किंवा उकळून गार केलेलं घ्या.

पाणी कोणतं यापेक्षा किती आणि किती जोरानं, हे महत्त्वाचं. जखमेच्या एका सेंटिमीटरमागे ५० ते १०० मिली असा हिशोब धरा. वाटीत बोट बुडवून ठेवलं तर माती तिथेच फिरत राहते, धार हवी. नळ नसेल तर पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला तापवलेल्या सुईनं भोक पाडा आणि बाटली दाबून धार सोडा. सुई काढलेली २० मिलीची सिरिंज त्याहून उत्तम. घरी सलाइन करायचं तर १ लिटर उकळलेल्या पाण्यात सपाट दीड छोटा चमचा मीठ, म्हणजे साधारण ९ ग्रॅम. एका दिवसात संपवा, उरलेलं ओतून द्या.

प्रश्न : डेटॉल जखमेवर तसंच ओतलं तर चांगलं झोंबतं, म्हणजे काम करतं ना? (हडपसर)

झोंबतं कारण ते जिवंत कातडीलाही भाजतं. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून भोवतालची कातडी पुसायला वापरा. दाट द्रावणात भिजवलेला बोळा जखमेवर बांधून ठेवणं सर्वांत वाईट, त्यानं चक्क फोड येतात. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहूनही असाच गैरसमज होतो. रक्तात आणि पेशींत असलेलं कॅटलेज हे विकर त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, म्हणून फेस. घाण निघाल्याची ती खूण नाही. साध्या जखमेला धुतल्यानंतर फार तर पोव्हिडोन आयोडीनचा पातळ थर पुरे. थायरॉइडचा त्रास असेल किंवा तान्हं मूल असेल तर तेही डॉक्टरांना विचारून.

प्रश्न : दर वेळी गंजलेलं काही लागलं की धावतपळत टीटी घ्यायची का? (बिबवेवाडी)

गंजामुळे धनुर्वात होत नाही. त्याच्या जंतूची बीजं मातीत आणि शेणात असतात. गंजलेला खिळा बहुधा मातीत पडलेला असतो आणि खोल भोक पाडतो, जिथे हवा पोचत नाही. म्हणून खिळ्याचं नाव झालं. बागेत कुंडीचं टोक लागलं तरी धोका तोच.

हिशोब असा. लहानपणचे डोस पूर्ण असतील तर स्वच्छ, छोट्या जखमेला शेवटच्या डोसनंतर १० वर्षं उलटली असतील तरच घ्यायचं. माती, शेण, लाळ लागलेली किंवा खोल टोचलेली जखम असेल तर ही मुदत ५ वर्षं. लहानपणी किती डोस झाले हेच माहीत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा, पूर्ण कोर्स लागेल. सरकारी वेळापत्रकात दीड-दोन वर्षांचा आणि ५-६ वर्षांचा बूस्टर, मग १० आणि १६ व्या वर्षी एकेक डोस असतो. बायकांनी गरोदरपणी घेतलेलेही मोजावेत. आता नुसत्या टीटीऐवजी टीडी देतात, त्यात घटसर्पाचीही लस असते. एक दिवस उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका. आणि तारीख मोबाइलमध्ये टिपून ठेवा, नाहीतर दर अपघाताला नवी सुई.

प्रश्न : जखम उघडी ठेवून खपली धरू द्यावी की झाकावी? बोटाच्या टोकाला तर पट्टी टिकतच नाही. (औंध)

झाकावी. ओलसर राहिलेली जखम लवकर भरते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं. खपली कडक झाली की नव्या कातडीला तिच्याखालून वाट काढावी लागते. धुतलेल्या जखमेवर साध्या पेट्रोलियम जेलीचा थर आणि वर पट्टी. पावडरी नकोत, त्यांचा लगदा होतो. नियोमायसिन या प्रतिजैविकाच्या मलमानं काहींना खाज आणि पुरळ येतं. अशांना फ्रामायसेटिनही चालत नाही, कारण दोन्ही एकाच कुळातली. कापूस थेट जखमेवर ठेवू नका, तंतू चिकटतात. त्यासाठी गॉज.

टोकाच्या पट्टीची युक्ती : पट्टीच्या दोन्ही चिकट बाजूंना कात्रीनं मधोमध, गादीच्या अलीकडेपर्यंत चीर द्या. चार शेपट्या होतील. गादी बोटाच्या टोकावर ठेवा आणि शेपट्या तिरक्या, एकमेकींवरून नेऊन चिकटवा. सरळ गोल आवळून गुंडाळली की बोट सुजल्यावर काचते. भांडी घासून झाली की ओली पट्टी बदला. पांढरी, लिबलिबीत झालेली कातडी ही ती न बदलल्याची खूण. चिकटलेली पट्टी ओढू नका, कोमट पाण्यात भिजवा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायला हवं. उलट ठणका वाढला, लाली पसरली, पू आला, ताप आला, लाल रेघ वर चढू लागली किंवा पायाच्या जखमेनं जांघेत अवधाण आलं, तर घरचे उपाय बंद.

प्रश्न : फेव्हिक्विकनं जखम चिकटवतात म्हणे? (तळजाई परिसर)

दवाखान्यातला डिंक त्याच कुळातला पण वेगळा आणि निर्जंतुक असतो. दुकानातला चिकटताना तापतो, कातडी चिडवतो आणि घाण आत कोंडतो. नकोच.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. पायाचं कुरूप ते ब्लेडनं तासतात. परवा थोडं कापलं, पण दुखत नाही म्हणतात. (कर्वेनगर)

दुखत नाही, हीच काळजीची गोष्ट. मधुमेहात पायाच्या संवेदना बोथट होतात आणि रक्तपुरवठाही कमी असू शकतो. त्यामुळे पायाला झालेली कोणतीही जखम, कितीही छोटी असली तरी, आज-उद्यात डॉक्टरांना दाखवा. घरी आठवडाभर मलम लावत बसू नका. तोवर पाण्यानं धुऊन कोरडं गॉज बांधा, जखमेवर भार देऊ नका. गरम पाण्यात पाय शेकू नका, भाजलेलं त्यांना कळणार नाही. ब्लेड आणि बाजारातली कुरुपाची पट्टी दोन्ही बंद. त्या पट्टीतल्या आम्लानं चांगली कातडीही गळते. रोज रात्री तळव्याखाली आरसा धरून पाहायची सवय लावा, बोटांच्या बेचक्यांसकट. पर्वतीच्या पायऱ्या अनवाणी चढायचा नवस असेल तर तो बदलून घ्यावा.

प्रश्न : सोसायटीतल्या मांजरीनं नख मारलं, रक्त आलं नाही. हे किरकोळच ना? (वारजे)

नाही. साबण आणि वाहत्या पाण्यानं पूर्ण १५ मिनिटं धुवा, पट्टी बांधू नका, तिखट-चुना लावू नका आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी जा. रक्त न येता ओरखडा असला तरी लस लागते. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं. सरकारी दवाखान्यांत लस सहसा कातडीत देतात, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. तिसरी सुई झाल्यावर ‘आता काही होत नाही’ म्हणून चौथी टाळू नका.